कल्याणचा डावा कोपरा
कबड्डीत नाव होतं चढाईपटूचं. सामना मात्र बचावफळी राखते. कल्याणचा गिरीश इरनाक याच फळीतला, डावा कोपरारक्षक. प्रो कबड्डीत तो पुणेरी पलटणकडून खेळला, २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघातही होता. कोपरारक्षकाचं हुकमी अस्त्र म्हणजे घोट्याची पकड. ती नुसत्या ताकदीने साधत नाही. चढाईपटूचा भार कोणत्या पायावर आहे हे ओळखून क्षणात झेपावावं लागतं. शेजारच्या साथीदाराने त्याच वेळी धाव घेतली नाही, तर गडी निसटतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना केलेली ‘अव्वल पकड’ दोन गुण देते.