तुमच्या अकाउंटंटच्या कपाटात तुमचं काय काय आहे?



धंद्याच्या कागदपत्रांवर बोलताना मी एक वाक्य घाईत बोलून गेलो होतो, "कागद द्यायच्या आधी माणूस बघा." त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, सर, माणूस बघा म्हणजे नक्की काय बघा? प्रश्न बरोबर आहे. आज त्याचंच सविस्तर उत्तर देतो.

आधी माझाच किस्सा. ट्रेनिंगच्या लाइनीत यायच्या आधी माझा पॅकिंग मटेरियलचा छोटा धंदा होता. एकदा चहाच्या टपरीवर आमच्याच लाइनीतल्या एका व्यापाऱ्याने मला हसत हसत माझी वर्षाची उलाढाल सांगितली. अंदाजे नाही, लाखापर्यंत बरोबर! मीही हसलो, कारण काय बोलावं तेच सुचेना. पुढच्या महिन्यात माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक त्याच्याकडे गेलं. त्याने दिलेला रेट माझ्या खरेदीच्या रेटच्या जेमतेम वर होता.

माझा खरेदीचा रेट त्याला कसा कळला? आम्हा दोघांचे हिशेब एकाच ऑफिसात व्हायचे. तिथे बिलांच्या फायली टेबलावर रचलेल्या असायच्या, आणि ज्याला सहीला बोलावलं असेल तो तासभर त्याच टेबलाशी बसून असायचा. कुणी मुद्दाम काही केलं नसेलही. ऑफिसवाले सज्जनच होते. पण सज्जन असणं वेगळं आणि फाईल कपाटात ठेवणं वेगळं.

आता विचार करा, या माणसाला आपल्याबद्दल काय काय माहीत असतं. पॅन, आधार, बँकेचं स्टेटमेंट, कर्जाचे हप्ते, कुणाकडून किती उधार घेतलं, कुणाला किती द्यायचंय. आईच्या आजारपणाचा खर्च करसवलतीसाठी दाखवला असेल तर तेही. ऑफिस जर गुंतवणुकीचं आणि विम्याचं कामही बघत असेल तर नॉमिनी कोण, हेही तिथेच. नॉमिनी म्हणून बायकोऐवजी भावाचं नाव आहे ही गोष्ट बाहेर फुटली, तर घरात काय होईल ते मी सांगायला नको. तालुक्याच्या गावात तर ऑफिसातला मुलगा कुणाचा तरी भाचा असतोच.

पोर्टलवर मोबाइल नंबर कुणाचा?

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्या बॅचमधल्या एका दादांचं मसाल्याचं छोटं युनिट आहे. जीएसटी नंबर काढताना कन्सल्टंटने स्वतःचाच मोबाइल आणि स्वतःचाच ईमेल टाकला. हेतू वाईट नव्हता. दर वेळी ओटीपीसाठी क्लायंटला फोन करायला नको, एवढाच विचार. दादांनाही सोयीचं वाटलं. दोन वर्षांनी दोघांचं फीवरून बिनसलं. दादांनी काम दुसरीकडे दिलं, पण नवीन माणसाकडे पासवर्डच आला नाही. रिटर्न राहिले. नोटीस आली ती जुन्या कन्सल्टंटच्या ईमेलवर. मग नोंदणी रद्द झाल्याची ऑर्डर निघाली, तीही तिथेच. दादांना कधी कळलं? एका मोठ्या दुकानदाराने "तुमचा नंबर तर रद्द दाखवतोय" म्हणून माल परत पाठवला तेव्हा.

नंबर परत चालू झाला, पण मधले चार महिने आणि दोन मोठी दुकानं गेली.

म्हणून आज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर दहा मिनिटं काढा. जीएसटी आणि आयकर, दोन्ही पोर्टलवर स्वतः लॉगिन करा आणि प्रोफाइलमध्ये मोबाइल-ईमेल कुणाचा आहे ते बघा. तुमचा नसेल तर बदला. जीएसटीमध्ये लॉगिन हातात असेल तर हा बदल तुम्हालाच करता येतो. लॉगिनच हातात नसेल तर आपल्या भागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे ओळखीची आणि धंद्याची कागदपत्रं घेऊन जायचं. ते खात्री करून नवीन मोबाइल आणि ईमेल चढवून देतात.

आता तुम्ही म्हणाल, मग अकाउंटंटने काम करायचं कसं? त्याची रीतसर सोय आहे. जीएसटी पोर्टलवर जीएसटी प्रॅक्टिशनरला आपल्या खात्याशी जोडता येतं आणि नको असेल तेव्हा काढताही येतं. आयकराच्या पोर्टलवर आपला सीए जोडता येतो. घराची चावी दिली नाही तरी माणूस आत येऊन काम करून जाऊ शकतो, असं समजा. चांगलं ऑफिस स्वतःहून याच वाटेने जातं.

ड्रॉवरमधली तुमची सही

ज्यांची कंपनी किंवा एलएलपी आहे, त्यांच्याकडे डीएससी असते, म्हणजे डिजिटल सही. पेनड्राइव्हसारखं ते छोटं टोकन. कुठल्याही ऑफिसात जा, एका ड्रॉवरमध्ये अशी पंचवीस-तीस टोकनं रबरबँड लावून ठेवलेली दिसतील. प्रत्येकावर नावाची चिठ्ठी, आणि काही ठिकाणी तर त्याच चिठ्ठीवर पिनसुद्धा! मित्रांनो, कोऱ्या चेकबुकवर सह्या करून दिल्यासारखंच आहे हे. त्या टोकनने केलेली सही कायद्याने तुमचीच धरली जाते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ नुसार त्या सहीची गुप्त किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची काळजी ज्याच्या नावावर ती सही आहे त्यानेच घ्यायची आहे. "टोकन ऑफिसात होतं हो" हे उत्तर चालत नाही.

टोकन स्वतःकडे ठेवा. काम असेल तेव्हा घेऊन जा, समोर सही करा, परत आणा. लांब राहत असाल आणि ठेवावंच लागत असेल, तर पिन तरी देऊ नका. आणि ऑफिसकडे टोकन कधी आलं, कधी वापरलं, याची वही आहे का ते विचारा. वही असेल तर ते ऑफिस कामाला पक्कं आहे, समजा.

पाटीवरचा पॅन

जीएसटी नंबर पंधरा अंकाक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, आपल्या महाराष्ट्राचे २७. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे तुमचा पॅन. धंदा तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर तो तुमचा स्वतःचा पॅन! आणि जीएसटी नंबर दुकानाच्या पाटीवर लावायचाच असतो, बिलावर तर असतोच. म्हणजे पॅन गुपित राहिलेलाच नाही. आता दुसरी गोष्ट. आयकर खात्याचं वार्षिक माहितीपत्रक, ज्याला एआयएस म्हणतात, ते डाउनलोड केलं की त्या फाइलचा पासवर्ड असतो पॅन आणि जन्मतारीख जोडून. त्यात तुमचं व्याज, शेअर, मोठे व्यवहार सगळं असतं. जन्मतारीख तर फेसबुकवर शुभेच्छा देणारे सगळेच जाणतात. म्हणजे ही फाइल चुकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली, तर पासवर्ड असून नसल्यासारखाच. ई-आधारचंही तसंच, नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल.

म्हणून फाइलवर कुलूप आहे यावर न थांबता, फाइल जाते कुठे ते बघावं लागतं. आधारची प्रत मागितली तर आधी विचारा, मास्क्ड आधार चालेल का? त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, युआयडीएआयच्या साइटवरून डाउनलोड होतं. बऱ्याच ठिकाणी चालतं, आपणच विचारत नाही.

तुम्हालाच असं ऑफिस काढायचं असेल तर

आपल्यातले बरेच जण बी.कॉम. करून, टॅली शिकून, अकाउंटिंगची सेवा सुरू करायच्या तयारीत आहेत. त्यांनी हा भाग नीट वाचा, कारण तुमचा खरा माल विश्वास आहे, रिटर्न भरणारे तर गल्लीत दहा आहेत.

क्लायंटचं टेबल आणि कामाचं टेबल वेगळं ठेवा. जागा एवढीशी असली तरी मध्ये एक पार्टिशन घाला. टॅलीमध्ये प्रत्येक माणसाचं वेगळं लॉगिन काढता येतं आणि टॅली व्हॉल्टने कंपनीचा डेटा पासवर्डखाली बंद ठेवता येतो. सोय असते, वापरत कुणी नाही. कागदपत्रं घ्यायला ऑफिसचा एकच नंबर आणि एकच ईमेल ठेवा. मुलांच्या खासगी मोबाइलवर क्लायंटचं आधार येता कामा नये, कारण मुलगा नोकरी सोडून गेला की ते फोटो त्याच्या गॅलरीसोबत जातात. मुलगा सोडून गेला त्याच दिवशी पासवर्ड बदला, "पुढच्या आठवड्यात बघू" नको. फुकट गेलेले प्रिंट रद्दीत देऊ नका. साधं कागद फाडायचं मशीन घ्या. भेळेच्या पुड्यावर कुणाचं तरी उत्पन्न वाचलेलं मी पाहिलंय.

कागद किती वर्षं ठेवायचे? जीएसटीच्या हिशेबासाठी वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने. ही जबाबदारी धंदेवाल्याची आहे. काम संपल्यावर मूळ कागद त्याला परत द्या आणि पोच घ्या.

एक मोह मात्र टाळा. क्लायंटचा नफा चांगला दिसला की त्याचा नंबर विमा एजंट मित्राला द्यायचा. हिशेबासाठी घेतलेली माहिती विक्रीसाठी वापरायची असेल तर त्याला आधी विचारा. नाही म्हणाला तर विषय संपला.

कायदा थोडक्यात

सीएंना १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याने बांधलंय. क्लायंटची संमती नसताना किंवा कायद्याने भाग पाडलं नसताना माहिती बाहेर दिली तर तो व्यावसायिक गैरवर्तनाचा विषय होतो आणि त्यांच्या संस्थेकडे तक्रार करता येते. (कर खात्याने कायदेशीर मागितलं तर द्यावंच लागतं, तिथे गुप्ततेचं पांघरूण नाही.) पण आपले बहुतेक छोटे धंदेवाले सीएकडे जातच नाहीत, टॅक्स कन्सल्टंटकडे किंवा पार्टटाइम अकाउंटंटकडे जातात. त्यांना हे कलम लागू नाही. म्हणून त्यांच्याशी एका पानाचा का होईना, लेखी करार करा. काय काम, कुठली माहिती, कुणाला दाखवणार, काम सुटल्यावर काय परत देणार, एवढं लिहिलं तरी पुरे.

शिवाय आता डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. डेटा सांभाळला नाही तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. ती कमाल मर्यादा आहे, घाबरून जाऊ नका. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तुमच्याकडे चार कामगार असतील आणि पगाराच्या कामासाठी त्यांचं आधार, बँक खातं तुम्ही अकाउंटंटला पाठवत असाल, तर कायद्याच्या नजरेत त्या माहितीची जबाबदारी तुमचीच राहते. अकाउंटंट तुमच्या वतीने काम करणारा. त्याच्याकडून फुटलं तरी पहिला प्रश्न तुम्हाला येणार.

आपल्या मसालेवाल्या दादांनी नवीन ठिकाणी जाताना एक वही केलीय. कुठला कागद कधी दिला, कधी परत आला, कुठला पासवर्ड कधी बदलला. पहिल्या पानावर दोन्ही पोर्टलचे नोंदवलेले मोबाइल नंबर आहेत, आणि दोन्ही त्यांचे स्वतःचे. त्या वहीचा नमुना मी पुढच्या व्हिडिओत दाखवतो.