कोंबडी मेली तर बातमी दाबू नका

ठाणे, मुंब्रा, भिवंडी आणि कल्याण-डोंबिवली परिसरात चिकनची दुकाने, कोंबड्यांचे टेम्पो आणि बिर्याणीची हॉटेले यांवर आपल्या अनेक बांधवांची रोजीरोटी चालते. या धंद्याला मंदीपेक्षाही एका नावाची जास्त भीती वाटते. ते नाव म्हणजे बर्ड फ्लू. वर्तमानपत्रात हे नाव आले की गिऱ्हाईक दुकानावरून मान फिरवून पुढे जाते आणि व्यापाऱ्याच्या डोक्यावर उधारी तशीच राहते. म्हणून पुष्कळांना वाटते की, शेडमध्ये चार कोंबड्या मेल्या तर गप्प बसावे, उगाच बभ्रा कशाला? धंद्याच्या दृष्टीनेच हा हिशेब तोट्याचा आहे.

आपल्या देशात कोंबड्यांमध्ये हा रोग प्रथम सापडला तो महाराष्ट्रातच, २००६ साली, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. जानेवारीच्या अखेरीपासून तेथील पोल्ट्रीत कोंबड्या मरत होत्या. पोल्ट्रीवाल्यांना तो नेहमीचा राणीखेत रोग वाटला. राणीखेतही विषाणूचाच रोग आहे आणि त्यातही पक्षी पटापट मरतात. नुसत्या नजरेने दोहोंतला फरक ओळखणे अनुभवी डॉक्टरलाही अवघड जाते. शेवटी भोपाळच्या प्रयोगशाळेने नमुने तपासले आणि १८ फेब्रुवारीला निदान जाहीर झाले : एच५एन१ हा विषाणू. तोवर बरेच दिवस हातचे गेले होते. पुढे लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. देशभर भाव कोसळले. ज्यांनी नवापूर कधी पाहिलेही नव्हते, अशा दुकानदारांनी फटका सोसला. वास्तविक त्या साथीत नवापुरात एकाही माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही.

तपासणी कशी होते?

संशय आला की पशुवैद्यकीय अधिकारी नुकताच मेलेला पक्षी, तसेच आजारी पक्ष्यांच्या घशातील आणि विष्ठेच्या जागेतील नमुने घेतात. ते बर्फात ठेवून पुण्याला औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे जातात. बर्ड फ्लूचा अखेरचा निर्वाळा भोपाळची राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था देते. पूर्वी मुख्य भिस्त फलित अंड्यात विषाणू वाढवून पाहण्यावर होती, त्यात दिवस मोडत. आता आरटी-पीसीआर तपासणी आहे. कोविडच्या काळात हे नाव घराघरात पोहोचले. नमुन्यात विषाणूचा अंश असला तरी त्याच्या असंख्य प्रती करून ही तपासणी तो ओळखते. नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्यावर काम तासांचे आहे. उशीर होतो तो शेडमधून बातमी बाहेर पडायला.

आपल्या जिल्ह्यातील अनुभव

हा रोग ठाणे जिल्ह्याला नवा नाही. जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यात मेलेल्या बगळ्यांत बर्ड फ्लू सापडला. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली गावच्या पोल्ट्रीत सुरुवातीला शंभरएक कोंबड्या अचानक मेल्या. निदान होताच एक किलोमीटरच्या आतील सुमारे २५ हजार पक्षी मारण्याचे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये ठाणे पूर्वेच्या कोपरीतही मेलेल्या कोंबड्यांमध्ये हाच रोग निघाला.

एक किलोमीटरचा हा नियम कठोर वाटतो, पण त्यामागे कारण आहे. विषाणू विष्ठेतून, खाद्याच्या गोणीतून, टेम्पोच्या चाकाला आणि चपलेला चिकटूनही दुसऱ्या शेडमध्ये जातो. मागावर धागा तुटला की कारागीर माग तिथेच थांबवतो. पुढे विणत राहिला तर सगळे ठाण वाया जाते. इथेही तसेच आहे.

भरपाईचा मुद्दा

पशुरोग प्रतिबंध व नियंत्रणाच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे अशा रोगाचा संशय आला तर कळवणे मालकावर बंधनकारक आहे. सरकारी आदेशाने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. २०२१ मध्ये महाराष्ट्रात आठ आठवड्यांवरील अंड्याच्या कोंबडीला ९० रुपये, सहा आठवड्यांवरील बॉयलरला ७० रुपये आणि अंड्याला ३ रुपये असा दर होता. ही रक्कम बाजारभावाएवढी नाही, हे मान्य. पण जो पक्षी आधीच रोगाने मेला त्याचे काहीच मिळत नाही. म्हणजे बातमी दाबलेल्या प्रत्येक दिवशी भरपाईला पात्र कोंबड्या कमी होत जातात. दुकानदाराच्या बुडालेल्या धंद्याची भरपाई तर कोणीच देत नाही. त्याचा बचाव एकच, साथ एका गावात असतानाच थांबणे.

लशीचे काय, असे कोणी विचारील. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना लस देणे सुरू केले. त्यातली अडचण अशी की, लस दिलेला पक्षी वरून धडधाकट दिसूनही आत विषाणू बाळगू शकतो, म्हणून लशीबरोबर सतत तपासणीही करावी लागते. आपल्याकडे आजवर भर राहिला तो लवकर निदान आणि बाधित पक्षी नष्ट करण्यावर.

बाजारात काय करावे?

हाँगकाँगमध्ये १९९७ साली १८ माणसांना एच५एन१ ची लागण झाली आणि सहा जण दगावले. शहरातील दहा लाखांहून अधिक कोंबड्या मारल्या गेल्या. पुढे २००१ पासून तेथे कोंबडी बाजारात महिन्यातून एक दिवस सक्तीचा खाडा सुरू झाला. त्या दिवशी सर्व पक्षी हटवून जागा धुऊन निर्जंतुक करायची. या खाड्यानंतर बाजारातील फ्लूचे काही विषाणू कमी झाल्याचे संशोधकांना आढळले. हा उपाय आपल्या मंडईतील दुकानदारांनाही आपसात ठरवून करता येईल.

बाकी खबरदारी साधी आहे. न विकलेली जिवंत कोंबडी पुन्हा शेडवर पाठवू नये. जाळ्या आणि टेम्पो धुतल्याशिवाय परत नेऊ नये. कोणत्या शेडचा माल कोणत्या दिवशी आला, ते वहीत लिहावे. मेलेला पक्षी उघड्यावर किंवा नाल्यात टाकू नये, त्याला मोकळ्या हाताने शिवू नये. मरणपंथाला लागलेल्या कोंबडीवर घाईघाईने सुरी फिरवून माल खपवणारा कारागिराचा जीव धोक्यात घालतो. मुर्दार तर आपल्याकडे मुळातच हराम आहे. २०२१ मध्ये हरियाणातील एका मुलाचा याच रोगाने दिल्लीत मृत्यू झाला, तो भारतातील पहिला मानवी बळी होता.

गिऱ्हाइकालाही हकीकत सांगावी. ७० अंश सेल्सिअस उष्णतेत हा विषाणू मरतो आणि आपल्या घरातील उकळता रस्सा त्याहून कितीतरी गरम असतो. नीट शिजवलेले चिकन आणि अंडे खाण्यात धोका नाही. मात्र हे सांगणाऱ्या दुकानदाराचा माल कोठून आला, हे त्याला स्वतःला ठाऊक असले पाहिजे. तरच गिऱ्हाइकाला त्याचा शब्द पटेल.

कोंबड्या अचानक मरू लागल्या तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे. एका शेडचे नुकसान भरून काढता येते. संपूर्ण बाजारावरचा भरवसा उडाला तर तो परत मिळवायला फार काळ लागतो.