लढाऊ वैमानिकाची दुसरी नोकरी

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा एक जुना विद्यार्थी सहकुटुंब घरीं आला होता. विमानदलांत तो विंग कमांडरच्या हुद्द्यावर आहे. सातवींत त्याला त्रैराशिक शिकवितांना माझा जीव मेटाकुटीस येत असे. आज तो आवाजाच्याही पुढें धांवणारें विमान चालवितो. चहा झाल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, येत्या वर्षीं माझीं वीस वर्षें पुरीं होतात. बाहेर पडावें कीं राहावें, तें ठरत नाहीं." बाहेर पडणें म्हणजे एखाद्या प्रवासी विमान कंपनींत जाणें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर आणि जन्मांत दोनदांच विमानांत बसलेला. मीं त्याला सल्ला तो काय द्यावा? म्हणून मी प्रश्न विचारीत गेलों व तो उत्तरें देत गेला. त्या दोन दिवसांत जें समजलें, व पुढें वाचून जें पडताळून पाहिलें, तें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम एका गैरसमजाविषयीं. "पगाराच्या मोहानें देशसेवा सोडतात," असें आपण चटकन् बोलून जातों. माझ्याही मनांत पहिला विचार हाच आला, हें कबूल करतों. परंतु आपल्या देशांतील विमान वाहतुकीच्या जन्मकाळींच असा एक गृहस्थ उभा आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गें मुंबईस जुहू येथें उतरले. तेथून तें टपाल मद्रासकडे नेणारे नेव्हिल व्हिन्सेंट हे ब्रिटिश विमानदलांतून बाहेर पडलेले वैमानिक होते. टपालाची विमानसेवा काढण्याची योजना टाटांकडे घेऊन आले तेही तेच. पुढें दुसरें महायुद्ध संपल्यावर लष्कराला नकोशीं झालेलीं डाकोटा विमानें मुलकी कंपन्यांनीं घेतलीं. १९४९ च्या जानेवारींत रात्रीचें हवाई टपाल सुरू झालें, तेव्हां चारी दिशांनीं आलेलीं विमानें मध्यरात्रीं नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत व उजाडण्यापूर्वीं आपापल्या शहरीं परत जात. लष्कराकडून मुलकी वाहतुकीकडे जाणारी ही वाट अशी जुनी आहे.

आतां ह्या वाटेवरचे अडसर पाहूं. विमानदलांतील कायम कमिशनच्या अधिकाऱ्यास मनांत आलें म्हणून राजीनामा देऊन चालतां येत नाहीं. मुदतीपूर्वीं सुटका हवी असल्यास अर्ज करावा लागतो आणि तो मान्य करणें वा न करणें सरकारच्या हातीं असतें. निवृत्तिवेतनास सामान्यतः वीस वर्षांची सेवा लागते. म्हणून अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीं पोचलेला माणूस दांत-ओठ खाऊन थांबतो. अल्पमुदतीच्या कमिशनवर आलेल्या वैमानिकाची गोष्ट निराळी. त्याची मुदत चौदा वर्षांची, आणि ती संपल्यावर निवृत्तिवेतन नाहीं. त्याला दुसरी नोकरी पाहणें भागच असतें. अमेरिकेच्या विमानदलांत वैमानिकाचे पंख छातीवर लागल्यापासून दहा वर्षें सेवा करण्याचें बंधन आहे. तीं संपतांच कंपन्या बोलावूं लागतात. म्हणून अनुभवी वैमानिकांस वर्षाकाठीं पन्नास हजार डॉलरपर्यंत जादा रक्कम देऊन थांबविण्याची मुभा तेथील सरकारनें २०२२ च्या कायद्यानें घेतली. इतकें देऊनही जाणारे जातात.

सुटका मिळाली तरी परवाना आयता मिळत नाहीं. प्रवासी विमानाच्या कप्तानास जो वरच्या दर्जाचा परवाना लागतो, त्यासाठीं पंधराशे तासांचें उड्डाण हवें. मालवाहू लष्करी विमानें चालविणाऱ्यांचे तास भराभर सांचतात. लढाऊ विमानाचें उड्डाण मात्र बहुधा तासाभराचें. त्यामुळें वीस वर्षें आकाशांत काढलेल्या माणसाची वही पाहून परक्यास वाटावें, हा इतके दिवस करीत तरी काय होता! हेलिकॉप्टरवाल्यांचे तास तर विमानाच्या परवान्यासाठीं जसेच्या तसे धरीत नाहींत. शिवाय विमान मार्गदर्शन, हवामानशास्त्र आणि हवाई कायदे ह्या विषयांच्या लेखी परीक्षा, रेडिओवर बोलण्याचा परवाना, वैद्यकीय तपासणी आणि अखेरीस ज्या जातीचें विमान चालवावयाचें त्याचें स्वतंत्र शिक्षण. हें शेवटचें शिक्षण सिम्युलेटर नांवाच्या बंद पेटींत होतें, आणि त्याचा कांहीं लाखांचा खर्च पुष्कळदां वैमानिकाच्याच खिशांतून जातो. ज्यानें शत्रूच्या विमानाचा पाठलाग करण्याचा सराव केला, त्यानें चाळिशींत पाऊस व ढग ह्यांवर पेपर लिहावयाचा! माझ्या विद्यार्थ्याला ह्याचें हंसूं येत होतें. त्याच्या पत्नीला मुळींच येत नव्हतें.

परंतु ह्याहूनही जी गोष्ट मला अधिक उद्बोधक वाटली ती ज्येष्ठतेची. विमान कंपनींत, विशेषतः अमेरिकेंतील मोठ्या कंपन्यांत, प्रत्येक वैमानिकास एक क्रमांक असतो, व तो रुजू झाल्याच्या दिवसावरून ठरतो. कोणतें विमान मिळावें, कोणत्या शहरीं मुक्काम असावा, दिवाळीची म्हणा वा नाताळची म्हणा, सुटी कोणास मिळावी, कप्तानपद केव्हां यावें, आणि वाईट दिवस आले तर प्रथम कोणास घरीं बसवावें, हें सर्व त्या क्रमांकावर. तेथें लेफ्टनंट कर्नलची पट्टी चालत नाहीं, शौर्यपदक चालत नाहीं, उत्तम उड्डाणाची ख्यातीही चालत नाहीं. कंपनी बदलली कीं क्रमांक पुन्हां तळाशीं. आपल्याकडे सर्व कंपन्यांत इतका कडकपणा नसला तरी आधीं आलेला पुढें, हें सूत्र येथेंही आहेच. जगांतील बहुतेक ठिकाणीं प्रवासी विमानाच्या वैमानिकास पासष्टाव्या वर्षापर्यंतच बसूं देतात. अमेरिकेनें ही मर्यादा २००७ च्या डिसेंबरांत साठावरून वाढविली. आतां हिशेब करा. चौतिसाव्या वर्षीं आलेल्यास एकतीस वर्षें, बेचाळिसाव्या वर्षीं आलेल्यास तेवीस. मधल्या आठ वर्षांत नोकरीला लागलेलीं सारीं तरुण मुलें जन्मभर त्याच्या पुढें! "गुरुजी, विमानदलांत थांबलों तर वरच्या जागा निमुळत्या होत जातात, पुढें खुर्ची आणि फाइल येते, आणि थांबण्याचा प्रत्येक महिना तिकडची शिडी लांबवितो," असें तो म्हणाला. सातवींत न उमगलेलें त्रैराशिक त्याला आतां पक्कें येत होतें.

येथें त्याला मनांतून बोचणारी गोष्ट बाहेर आली. कंपनींत पहिल्या दिवशीं तो उजव्या खुर्चीवर, म्हणजे सहवैमानिकाच्या जागीं बसणार. आणि डाव्या खुर्चीवर कप्तान म्हणून तिशींतला एखादा तरुण असणार. तेव्हां मीं त्याला माझी हकीकत सांगितली. शाळेंत माझीं पंचवीसांवर वर्षें झालीं असतांना माझ्याच हाताखालून गेलेला एक मुलगा पदवीधर होऊन मुख्याध्यापक म्हणून आला. पहिल्या दिवशीं मस्टरवर सही करण्यास त्याच्या खोलींत जातांना माझे पाय जड झाले. खोटें कशास सांगूं? तो बिचारा उठून उभा राहिला, त्यामुळें तर आणखीच अवघडलों. पंधरा दिवस गेले, मग सरावलों.

पण शाळेंतील अवघडलेपणानें फार तर वेळापत्रक चुकतें. विमानांत त्याचा परिणाम काय होतो, ह्याचें एक उदाहरण ऐका. २२ डिसेंबर १९९९ रोजीं लंडननजीकच्या स्टॅनस्टेड विमानतळावरून कोरियन एअर कंपनीचें मालवाहू बोइंग ७४७ विमान अंधार पडल्यावर उडालें. विमान किती कललें आहे हें दाखविणारें कप्तानापुढचें उपकरण बिघडलेलें होतें. कप्तान विमान डावीकडे वळवीत होता आणि उपकरण तें दाखवीत नव्हतें, म्हणून तो आणखी वळवीत राहिला. धोक्याची घंटा वाजली. मागें बसलेल्या इंजिनियरनें विमान कलत असल्याचा इशारा दिला. सहवैमानिकाच्या पुढ्यांतील उपकरण शाबूत होतें. पण तो कांहींच बोलला नाहीं. उडाल्यापासून एका मिनिटाच्या आंत विमान जमिनीवर आदळलें आणि चौघेही ठार झाले. कप्तान पूर्वीं आपल्या देशाच्या विमानदलांत कर्नल होता. चौकशी करणाऱ्यांचें लक्ष बिघडलेल्या उपकरणाइतकेंच त्या तरुणाच्या मौनाकडेही गेलें.

लष्करांत हुकूम ऐकणें हा गुण आहे व तो असावयासच हवा. लढाऊ विमानांत तर वैमानिक बहुधा एकटाच. निर्णय त्याचा, कृति त्याची, आणि अगदींच गळ्याशीं आलें तर आसनासकट बाहेर फेंकून वांचविण्याची सोय असते. प्रवासी विमानांत तसें आसन नाहीं, छत्रीही नाहीं, आणि पाठीमागें पावणे दोनशे माणसें पट्टे बांधून बसलेलीं असतात. तेथें दोघांनीं एकमेकांवर पहारा ठेवावयाचा. १९७९ सालीं अमेरिकेंतील नासा संस्थेनें ह्या विषयावर परिषद भरविली, तेव्हांपासून कनिष्ठानें निर्भयपणें बोलावें आणि वरिष्ठानें तें ऐकावें, ह्याचें रीतसर शिक्षण विमान कंपन्यांत देऊं लागले. विमान उतरतांना ठराविक उंचीवर वेग, दिशा व उतार हीं जमलेलीं नसतील तर उतरूं नये, पुन्हां वर जाऊन फेरी घ्यावी, असा नियम आहे. ती फेरी घेणें हा कमीपणा मानीत नाहींत. कामगिरी पुरी केल्यावांचून माघारीं फिरूं नये, ह्या संस्कारांत वाढलेल्या माणसास हेंच सर्वांत जड जातें, असें माझा विद्यार्थी म्हणाला. "गुरुजी, विमान हांकणें मला नव्यानें शिकावें लागणार नाहीं. शेजाऱ्याचें ऐकणें शिकावें लागेल."

हें साधणाराही आहेच. अमेरिकेचा चेस्ली सलनबर्गर पूर्वीं तेथील विमानदलांत फँटम नांवाचें लढाऊ विमान चालवीत असे. १९८० सालीं तो कंपनींत आला. १५ जानेवारी २००९ रोजीं न्यूयॉर्कहून उडतांच पक्ष्यांचा थवा आदळून त्याच्या एअरबसचीं दोन्ही इंजिनें निकामी झालीं, आणि त्यानें तें हडसन नदीच्या पाण्यावर उतरविलें. सर्वच्या सर्व १५५ माणसें वांचलीं. पाणी समोर दिसत असतां त्यानें शेजारच्या सहवैमानिकास, तुला आणखी कांहीं सुचतें का, असें विचारल्याचें विमानांतील ध्वनिमुद्रणांत आहे. मला त्या उतरण्याहूनही हें विचारणें मोठें वाटतें.

आतां पैसा व स्थैर्य. पगार अधिक, ह्यांत शंका नाहीं. परंतु सरकारी नोकरींतून निघणाऱ्यानें कंपनी म्हणजे सरकार नव्हे, हें ध्यानांत ठेवावें. आपल्याच देशांत किंगफिशर २०१२ सालीं बंद पडली, जेट एअरवेजचें शेवटचें विमान १७ एप्रिल २०१९ रोजीं उडालें, आणि गो फर्स्टनें ३ मे २०२३ पासून उड्डाणें थांबविलीं. २०२० च्या साथींत तर २५ मार्चपासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमानें जमिनीवरच होतीं, आणि पगारांना कात्री लागली. ज्याला निवृत्तिवेतनाचा आधार होता, त्याची चूल पेटत राहिली. चौदा वर्षांनीं रिकाम्या हातानें निघालेल्याची काय अवस्था झाली असेल, तें सांगावयास नको.

इतका वेळ सूनबाई गप्प होत्या. मीं विचारलें, "मुली, तुझें मत काय?" ती म्हणाली, "गुरुजी, थोरल्याची ही सहावी शाळा. धाकटीला मैत्रीण जमते न जमते तों बदलीचा हुकूम येतो. मला पैसे नकोत, एक पत्ता हवा." मग ती नवऱ्याकडे पाहून हंसली व म्हणाली, "पण हे म्हणतात तसें रोज घरीं येणार नाहींत, हें मला ठाऊक आहे." तिचें खरें होतें. कंपनीच्या वैमानिकास वर्षाला एक हजार तासांपर्यंत उडवितां येतें, आणि त्यांत पहाटे तीनला उठणें येतें, परगांवच्या हॉटेलांतील मुक्काम येतो, सणावाराची पाळीही येते. नव्या माणसाला तर बहुधा सणाचीच पाळी! क्रमांक तळाचा ना!

मीं त्याला जा असें म्हटलें नाहीं व राहा असेंही म्हटलें नाहीं. एकच विचारलें: "तुझ्याहून लहान माणूस चूक दाखवील, तेव्हां तुला राग येईल का?" तो बराच वेळ अंगणांतील तुळशीकडे पाहत बसला. "येईल," तो म्हणाला, "पहिल्या महिन्यांत येईल." उत्तर प्रामाणिक होतें, म्हणून मला बरें वाटलें.

संक्रांतीला त्याचें पत्र आलें. सुटकेचा अर्ज दिल्लीस गेला आहे; निकाल यावयाचा आहे. हवामानशास्त्राची परीक्षा तो त्याआधींच देणार आहे. त्या विषयाचें त्याचें पुस्तक दिवाळींत माझ्या कट्ट्यावर राहून गेलें होतें. ढगांवरचीं दोन प्रकरणें वाचून होतांच मीं तें टपालानें पाठवून दिलें.