कृत्रिम धाग्याची पूड

श्रोतेहो, समुद्रपुरासारख्या कापसाच्या मुलखात नायलॉनची गोष्ट कशाला, असे आपणांस वाटेल. पण आमचे आयुष्य गिरणी कामगारांत गेले. कापसाच्या धुळीने कार्डिंग खात्यातल्या माणसाची छाती कशी भरते, हे आम्ही पाहिले आहे. कृत्रिम धाग्यात काडीकचरा नाही, सबब त्याची धूळ बाधत नाही, असे एका मालकाने आम्हांस ऐकविले होते.

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे नायलॉनची बारीक लव कापून मखमलीसारखे कापड करणाऱ्या कारखान्यात कामगारांची फुप्फुसे बिघडली. डॉक्टरांनी ते १९९८ साली प्रसिद्ध केले. मग बाधले काय? नायलॉन, त्यावरचे तेल, की यंत्राचा कीस? याचा निवाडा करण्यास प्रयोगशाळेला शुद्ध पूड लागते, तीही काही मायक्रॉनची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढे बारीक कणच फुप्फुसात खोल उतरतात.

धागा खलात कुटला तर तो वाकतो, तापून मऊ होतो, फुटत नाही. यावरचा उपाय आपल्या मायबहिणींस ठाऊक आहे. वैशाखात गूळ बत्त्याला चिकटतो. पौषात एका घावात फुटतो. धाग्यासही थंडीच द्यावी लागते, पण ती उणे १९६ अंशांची, द्रवरूप नायट्रोजनची. जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या पिंपात ठेवतात, त्यात हाच नायट्रोजन असतो.

प्रथम धागा धुऊन त्यावरचे तेल काढतात व त्याचे बारीक तुकडे करतात. ते बंद नळीत घालून नळी नायट्रोजनमध्ये बुडवितात. आतला दांडा चुंबकाच्या जोरावर मागेपुढे आपटतो. मध्ये मध्ये थांबून पुन्हा थंड करतात, नाहीतर आपटण्यानेच ऊब येते. नळी नेहमीच्या उष्णतेवर येईतो उघडावयाची नाही. उघडली तर हवेतले पाणी पुडीवर जमते. नंतर पूड चाळतात.

पोलादी दांड्याचा कीस पुडीत उतरू शकतो. म्हणून त्याच नळीत धाग्यावाचून दुसरा निर्मळ पदार्थ दळून पाहतात, म्हणजे यंत्राचा मळ किती ते कळते. हे टाळले, तर उद्या मालकाचा वकील म्हणेल, दोष नायलॉनचा नव्हे, लोखंडाचा. आणि कामगाराचा दावा बुडेल.

एक गोष्ट राहिली. बंद खोलीत नायट्रोजन उडाला की प्राणवायू हटतो, आणि वास येत नाही म्हणून माणसास कळतही नाही. पूड करणाराही कामगारच आहे. त्याच्या खोलीची खिडकी उघडी असली पाहिजे.