पोर गुन्ह्याच्या वाटेला का लागते?

दिवाळी सरली की आमच्या आष्टी तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी संसार ट्रकमध्ये भरून ऊसतोडीला कारखान्याकडे निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी पोरे.

२०१७ च्या अशाच हंगामात एक आजी आपल्या चौदा वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. मुलाच्या उजव्या हाताची दोन बोटे भाजली होती. "चुलीवर भाजलं," तो खाली बघत म्हणाला. त्याच्या नखांत काजळी होती आणि कपड्यांना जळक्या प्लॅस्टिकचा वास येत होता. चुलीला असा वास येत नाही, हे मला कळले होते. पण बाहेर वीस-पंचवीस पेशंट बसलेले. मी मलम लावले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले.

दोन महिन्यांनी तोच मुलगा विहिरीवरच्या मोटारीची केबल तोडताना सापडला. केबल जाळायची, आतली तांब्याची तार काढायची आणि विकायची, हा धंदा त्याला एका मोठ्या माणसाने शिकवला होता. रात्री आजी दाराशी आली. "डॉक्टरसाहेब, पोराला जेलात टाकतेत का हो?"

वाचकहो, त्या रात्री आजीला जे सांगितले आणि नंतर स्वतःशी जो विचार केला, तोच आज मांडतो. मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. अशा मुलाचे नाव छापण्यास कायद्यानेही बंदी आहे.

गुन्हा कशाला म्हणतात?

कायद्याचे एक जुने तत्त्व आहे. मन दोषी नसेल, तर नुसत्या कृतीने माणूस गुन्हेगार ठरत नाही. आठवडी बाजारात आपली समजून तुम्ही दुसऱ्याची सायकल घरी आणली, तर ती चूक झाली, चोरी नव्हे. दुसऱ्याची आहे हे ठाऊक असून लबाडीने नेली, तर चोरी. कृत्य आणि हेतू या दोन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. म्हणूनच निव्वळ अपघात किंवा ज्याला आपण काय करतो हेच कळत नाही अशा मनोरुग्णाची कृती कायदा वेगळी मानतो. मात्र स्वतःहून दारू प्यालेल्याला "नशेत होतो" म्हणून सुटता येत नाही. तसेच अनेकांनी एका इराद्याने गुन्हा केला, तर "मी नुसता उभा होतो" हे म्हणणे सहसा चालत नाही. आपल्या तरुण पोरांना ही गोष्ट जरूर सांगावी.

आता मुलाच्या मनाचे काय? १८६० च्या दंडविधानात जे होते, तेच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला आपल्या कृत्याचा अर्थ व परिणाम समजण्याइतकी पक्वता नव्हती असे दिसले, तर तोही गुन्हा नाही. त्यापुढे अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत बाल न्याय कायदा लागतो. या मुलांना आता 'बालगुन्हेगार' न म्हणता 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. शब्द जड आहे, पण मुलाच्या कपाळावर शिक्का मारू नये हा त्यामागचा हेतू चांगला आहे.

पूर्वी मुलांनाही सर्रास तुरुंगात ठेवीत. पत्रकार शीला बारसे यांनी या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात लढा दिला आणि १९८६ मध्ये मुलांना तुरुंगात ठेवू नये, असे न्यायालयाने बजावले. त्याच वर्षी देशभरासाठी पहिला बाल न्याय कायदा झाला. त्यात मुलग्यांसाठी सोळा वर्षांची मर्यादा होती, ती २००० च्या कायद्याने अठरा झाली. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील निर्भया प्रकरणात एक आरोपी अठराला काही महिने कमी होता. देशभर संताप उसळला आणि २०१५ चा कायदा आला. त्यानुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलावर किमान सात वर्षे शिक्षेच्या अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याची शारीरिक-मानसिक क्षमता आणि परिणामांची समज आधी तपासली जाते. मग गरज वाटल्यास खटला प्रौढाप्रमाणे चालू शकतो. तरीही फाशी नाही.

म्हणून आजीला मी सांगितले, "जेल नाही, आजी. पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. चोवीस तासांत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात. वकीलही विधी सेवा समितीकडून फुकट मिळेल. शाळेतून जन्मतारखेचा दाखला मात्र उद्याच आणा."

मूल वाट का सोडते?

मेंदूचा कपाळामागचा भाग परिणामांचा विचार करतो, मोह आवरतो. तो पूर्ण तयार व्हायला पंचविशीच्या आसपासचे वय उजाडते. भावना, धाडस आणि मित्रांपुढची ऐट मात्र तेराव्या-चौदाव्या वर्षीच उसळ्या मारते. बैल उधळलेला आणि कासरा अजून हाती आलेला नाही, अशी ही अवस्था. म्हणून या वयात मुलाभोवती कोण आहे, याला फार महत्त्व.

दवाखान्यात मला दिसणारी कारणे साधी असतात. मुलाला चष्म्याची गरज आहे, पण कोणी तपासलेले नाही. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून गुरुजी रागावतात, पोर शाळा चुकवते आणि चुकवलेला दिवस टपरीवर काढते. कमी ऐकू येणे, वाचन-लेखनातील अडचण, अतिचंचलता यांचेही तसेच. त्यात व्यसन. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, तरी पुडी मिळते. पंक्चरचे सोल्युशन हुंगणे, झोपेच्या 'बटन' गोळ्या ही पुढची पायरी. घरात रोज मारहाण पाहणारे मूल मारहाणच शिकते.

'रक्तातच गुन्हेगारी' या समजाला वैद्यकशास्त्राचा आधार नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. पुढे त्यात पारधी समाजही भरडला गेला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण आजही गावात चोरी झाली की बोट आधी पारधी वस्तीकडे जाते. ज्या पोराला सगळे आधीच चोर म्हणतात, त्याला चांगले वागून काय मिळणार?

गरिबी हेही एकमेव कारण नव्हे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या महागड्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. काही तासांत जामीन झाला, तीनशे शब्दांच्या निबंधाची अट घातली म्हणून लोक चिडले. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली डॉक्टरांना अटक झाली, तेव्हा आम्हा डॉक्टरांची मान खाली गेली. आईवडिलांनाही अटक झाली. त्याला प्रौढ मानून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये नाकारली. उसाच्या फडात अडकलेल्या आईबापाला पोराकडे बघायला सवड नसते. पैशाच्या घरातही कोणी बघितले नाही, तर फळ तेच येते.

मोठ्यांनी लक्षात ठेवावे

अल्पवयीन पोराच्या हाती मोटारसायकल दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर २०१९ पासून पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड आहे. मुलाला दारू, तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. मुलाकडून बेकायदा काम करवून घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपये दंड आहे. पण तक्रार करताना आपण पोराचे नाव सांगतो, त्याच्याकडून तार घेणाऱ्याचे सांगत नाही.

घरात आणि शाळेत पुढील खुणांकडे लक्ष द्यावे : शाळेला वारंवार दांडी, अचानक आलेला पैसा किंवा मोबाईल, वयाने बरेच मोठे मित्र, न पटणाऱ्या जखमा, मुक्या जनावरांना छळणे, बदललेली झोप. असे दिसले तर मारू नका. माराने पोर खोटे बोलायला शिकते. जवळ बसवून विचारा. डोळे, कान तपासून घ्या. गुरुजींशी बोला. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, त्यात लाज नाही. संकटातील मुलासाठी १०९८ हा क्रमांक आहे. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी हंगामी वसतिगृहाची चौकशी शाळेत आधीच करावी.

हवाई बेटांपैकी काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा संशोधकांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. गरिबी, व्यसन, भांडणे अशा घरांतील सुमारे एक तृतीयांश मुले तरीही चांगली निघाली. त्यांच्यात आढळलेली एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांना जीव लावणारे किमान एक मोठे माणूस होते. आजी, शिक्षक, शेजारी, कोणीही.

आमच्या त्या मुलाला मंडळाने समज दिली, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली घरी पाठवले. एका शिक्षकाने त्याला रोज संध्याकाळी स्वतःच्या ओट्यावर अभ्यासाला बसवले. जूनमध्ये तो पुन्हा शाळेत गेला. आज तो मोटार रिवायंडिंगच्या दुकानात कामाला आहे. तांब्याची तार आता तो मोटारीत भरतो.

तेव्हापासून भाजलेला हात घेऊन एखादे पोर आले, की बाहेर कितीही गर्दी असो, मी मलम लावण्याआधी त्याला खुर्चीवर बसवतो आणि विचारतो, "बाळ, घरी कोण कोण असतं?"