संरक्षक प्रतिपिंडांची प्रयोगशाळेतील परीक्षा

विषाणूचा संसर्ग होऊन गेला, की रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होतात. तथापि प्रतिपिंड आढळणे आणि ते संरक्षक असणे या दोन भिन्न गोष्टी होत.

एलायझा पद्धतीत विषाणूचे प्रतिजन थाळीच्या खाचांत बसवून त्यांना चिकटणारी प्रतिपिंडे रंगाच्या गडदपणावरून मोजतात. ही पद्धत जलद खरी. परंतु ती केवळ बंधन दाखविते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० मध्ये सिद्ध केलेल्या 'कोविड कवच' चाचणीच्या नावात कवच असले, तरी तिचे होकारी उत्तर म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण होती, अभेद्यतेची ग्वाही नव्हे.

संरक्षणाच्या अधिक निकट जाणारी परीक्षा म्हणजे उदासीनीकरण. रक्तजल ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून त्याची क्रमाने विरलने करतात व प्रत्येकात विषाणूची ठरावीक मात्रा मिसळतात. हे मिश्रण जिवंत पेशींच्या थरावर घातले असता, न रोखलेले विषाणू पेशी मारून थरात ठिपके पाडतात. ठिपक्यांची संख्या निम्म्यावर आणणारे सर्वाधिक विरलन हा त्या रक्तजलाचा अनुमापांक होय.

परंतु हीही परीक्षा निःसंदिग्ध नाही. याच संस्थेचे पूर्वरूप असलेले विषाणू संशोधन केंद्र १९५२ मध्ये स्थापन झाले. तेथील स्मिथबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांची रक्तजले निरनिराळ्या विषाणूंत मिसळून उंदरांना टोचली व उंदीर जगतात काय, हे पाहिले. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १९६ पैकी ३३ रक्तजलांनी झिका विषाणूस रोखले. मात्र झिका व डेंग्यू हे एकाच कुळातील विषाणू असल्याने एकाची प्रतिपिंडे दुसऱ्यावरही क्रिया करतात. त्यामुळे त्या ३३ जणांना झिकाच झाला होता, असे म्हणता येत नाही. महाराष्ट्रातील पहिला झिका रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे निश्चित झाला. म्हणूनच संबंधित विषाणूंची परीक्षा शेजारी शेजारी करून अनुमापांकांत निदान चौपट अंतर आहे काय, हे पाहतात. डेंग्यूसारखे संसर्ग पूर्वी होऊन गेले असल्यास ही कसोटीही अपुरी पडते.

कोल्हापुरात पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण आढळतात, त्यामुळे हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. डेंग्यूच्या चार प्रकारांपैकी एकाची अल्प प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकारास पेशीत शिरण्यास साहाय्यही करतात. तेव्हा विषाणू कोणता, पद्धत कोणती व अनुमापांक किती, हे सांगितल्याखेरीज प्रतिपिंडास 'संरक्षक' हे विशेषण लावू नये.