एकाचे पाप, दुसऱ्यास यातना?

चैत्राचा शुद्ध पक्ष लागला की आमच्या खानदेशातील वाटा सप्तशृंगी गडाकडे वळतात. धुळे, शिरपूर, अमळनेर, पारोळे ह्या बाजूंच्या खेड्यापाड्यांतून भाविकांचे थवे पायी निघतात. डोक्यावर ऊन, पायांखाली तापलेली सडक आणि मुखी देवीचे नाव. त्या थव्यात एखादी माता अनवाणी चालताना दिसते. चौकशी करावी तर कळते, की नवस तिचा असला तरी दुखणे तिच्या मुलाचे होते. मूल बरे होऊन घरी आजीपाशी खेळत असते, आणि फोड येतात ते आईच्या पायांना. दुखणे एकाचे आणि क्लेश दुसऱ्यास, हा कोणता न्याय, असे त्या मातेस आजवर कोणी विचारल्याचे आम्ही ऐकले नाही.

ह्याच दिवसांत आमचे ख्रिस्ती बांधव उत्तम शुक्रवार पाळतात. त्यांचा ईस्टरही चंद्रावरच ठरतो. एकवीस मार्च ह्या दिवशी वा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर, आणि त्या आधीचा शुक्रवार तो येशू ख्रिस्ताच्या मरणाचा दिवस. त्यामुळे हा दिवस कधी होळीच्या, तर पुष्कळदा चैत्री पौर्णिमेच्या आगेमागे येतो. २०२३ साली चैत्री पौर्णिमा ६ एप्रिलला होती आणि लगेच ७ तारखेस उत्तम शुक्रवार. अनेक मंडळ्यांत ह्या दिवशी दुपारी बारापासून तीनपर्यंत उपासना चालते. येशू क्रूसावर होता त्या प्रहरांची ती आठवण. भजने होतात, पण त्यांत उल्हास नसतो. पुष्कळांचा उपवास असतो.

आपल्यासारख्या सश्रद्ध हिंदू घरातील माणूस शेजारधर्म म्हणून तेथे गेला, तर एक शंका त्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही. ज्याचे कर्म त्याने भोगावे, हे आपण आईच्या दुधाबरोबर प्यालो. येथे तर पाप जगाने केले आणि क्रूसावर गेला तो ज्याने कोणाचे काही बिघडविले नाही असा पुरुष. आणि अशा दिवसास म्हणावयाचे 'उत्तम'! खून एकाने केला आणि फाशी शेजाऱ्यास दिली, तर त्या न्यायाधीशास आपण काय म्हणू? ही शंका उद्धटपणाची नव्हे. ख्रिस्ती धर्मशास्त्र्यांनी ती स्वतःच शतकानुशतके केली आहे, आणि तिच्या उत्तरांत त्यांचे आपापसांत एकमत झालेले नाही.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. एकाच्या पापाचा दंड देव दुसऱ्यावर लादतो, असे बायबल सरसकट सांगत नाही. पूर्वजांच्या करणीचे फळ मुलांना भोगावे लागते, अशा अर्थाची एक म्हण इस्राएली लोकांत रूढ होती. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातील यहेज्केल ह्या संदेष्ट्याने ती म्हण यापुढे तोंडी आणू नये, असे बजावले आणि ज्याचा त्याचा जाब ज्याच्या त्याच्यापाशी ठेवला. आपल्या कर्मसिद्धान्ताच्या हे किती जवळ आहे, ते वाचकांस सांगावयास नको. योहानाच्या शुभवर्तमानात तर शिष्य एका जन्मांधाकडे बोट दाखवून येशूस विचारतात, की पाप ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? आपल्या ओटीवर बसून कोणी विचारावा असाच हा प्रश्न! येशूने दोन्ही पर्याय नाकारले आणि त्या आंधळ्यास दृष्टी दिली. लूकाच्या शुभवर्तमानात यरुशलेमातील एक बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याची गोष्ट आहे. ती माणसे इतरांहून अधिक पापी होती असे समजू नका, असे तेथे येशूने सांगितले. ती का मेली, हे त्याने सांगितले नाही.

येथे आम्हांस आमचेच एक बोलणे आठवते व खाली पाहावे लागते. फार वर्षांपूर्वी परिचयातील एका घरी जन्मतः पंगू मूल झाले. भेटीस गेलो असता काही तरी बोलावयाचे म्हणून आम्ही त्या मातेस म्हणालो, "पूर्वसंचित, दुसरे काय!" ती काही बोलली नाही. मुलाचे पाय पदराखाली झाकून घेऊन ती आत गेली. कर्माचा विचार आमच्या संतांनी स्वतःस लावून घेण्यासाठी सांगितला. दुसऱ्याच्या पाळण्यावर फेकण्यासाठी नव्हे, हे आम्हांस त्या दिवशी कळावयास हवे होते. ईयोबाच्या कथेत असेच तीन मित्र सांत्वनास येतात आणि तुझेच काही पाप असेल असे त्यास पटवू पाहतात. कथेच्या शेवटी देव रागावतो तो ईयोबावर नव्हे, ह्या मित्रांवर.

मग क्रूसाचे काय? लादलेले दुःख आणि उचललेले दुःख ह्यांत ख्रिस्ती विचार भेद करतो. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्म नावाच्या धर्माचार्याने कर्जाची उपमा घेतली. ती आमच्या शेतकऱ्यास समजावून द्यावी लागणार नाही. ऋणको बुडाला म्हणजे जामीन राहिलेल्यास फेड करावी लागते. त्याने स्वतः दमडी घेतलेली नसते, तरी शब्द दिलेला असतो. मनुष्याचे ऋण मनुष्याच्याने फिटेना, म्हणून ख्रिस्त जामीन राहिला, असा हा विचार. पुढच्या शतकातील आबेलार यास ही हिशेबाची भाषा रुचली नाही. त्याच्या मते क्रूसावरील प्रेम पाहून पाप्याचे अंतःकरण पालटते, हेच खरे तारण. दोन्ही मतांचे लोक आजही आहेत. पण फाशीच्या दृष्टान्तास उत्तर देताना बहुतेक सारे एक गोष्ट सांगतात, आणि आमच्या मते मर्म तेच होय: न्यायाधीशाने तिसऱ्याच कोणा निरपराध्यास पकडून आणलेले नाही, तो स्वतःच आसनावरून उतरून आरोपीच्या जागी उभा राहिला आहे. ख्रिस्त आणि देव वेगळे मानले तर क्रूस हा अन्याय ठरेल. एक मानले तर तो त्याग ठरतो. हलाहल पिणाऱ्या नीलकंठाचे भक्त जे आपण, त्या आपणांस ही कल्पना सर्वस्वी परकी वाटू नये. अर्थात दोन्ही कथा एकच, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. उसने साम्य दाखविण्याने दोन्ही धर्मांची हानी होते.

ह्या विचाराचा आणि खानदेशाचा संबंध तसा जुना आहे. १९०७ साली जळगावास पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. त्यास अहमदनगरहून रेव्हरंड नारायण वामन टिळक आले होते. धरणगावी जन्मलेला, सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे तेथे त्यांच्या दृष्टीस पडला. बालकवी म्हणून महाराष्ट्र ज्यास ओळखतो तोच हा. पुढे टिळकांच्या घरी तो घरचाच मुलगा होऊन राहिला. त्या घरास सोसण्याची ओळख नव्याने करून द्यावयास नको होती. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती दीक्षा घेतली. निर्णय त्यांचा, पण लोकांचे बोल आणि वर्षानुवर्षांचा वियोग वाट्यास आला तो लक्ष्मीबाईंच्या. ('स्मृतिचित्रे' ज्या घरात नसेल, त्या घराने हे पुस्तक आजच आणावे.) आणि ५ मे १९१८ रोजी जळगाव-भुसावळ मार्गावरील भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवी गेले, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. कोणाचे पाप? कोसळलेल्या बुरुजाखालच्या त्या अठरांविषयी जे सांगितले गेले, त्याहून अधिक येथेही काही सांगता येत नाही. वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले.

उचललेल्या दुःखाची गोष्ट धुळ्यास घडली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरून घेत. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा प्रवचने झाली. वक्ता कैदी, श्रोते कैदी, आणि गुन्हा म्हणावा तर देशावर प्रेम केल्याचा! ह्याच विनोबांनी पुढे ख्रिस्ती धर्मवचनांचेही सार काढून ग्रंथरूप दिले. आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात मुलांना शिकविणाऱ्या त्या गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण मांडले. हरिजनांस विठ्ठलाच्या दारातून परत पाठविण्याचे पाप गुरुजींनी केलेले नव्हते. पिढ्यान् पिढ्या ते इतरांनी केले होते. पोट मात्र गुरुजींनी जाळले. दहाव्या दिवशी उपोषण सुटले ते मंदिर मोकळे करण्याचे ठरल्यावर. गुरुजी ख्रिस्ती नव्हते. हे त्यांनी आईपाशी आणि संतांपाशी शिकले होते. परंतु एकाच्या पापासाठी दुसऱ्याने का सोसावे, असे विचारणाऱ्या ख्रिस्ती माणसास आम्ही क्रूसाआधी पंढरपूर दाखवू.

राहतात ती मुले. हेरोद राजाने येशूच्या शोधात बेथलेहेमातील तान्ही बालके मारविली, असे मत्तयाने लिहिले आहे. पाश्चात्त्य ख्रिस्ती मंडळी २८ डिसेंबर हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ पाळते. नाताळचे दिवे अजून विझलेले नसतात तोच. त्या बालकांनी काही उचलले नव्हते, काही निवडले नव्हते. राजाच्या भयाची किंमत त्यांनी दिली. येथे जामीनकीची उपमा लंगडी पडते, त्यागाचीही पडते. मत्तयाने तेथे स्पष्टीकरण दिलेले नाही. मुलांसाठी रडणारी, सांत्वन नाकारणारी राहेल त्याने उभी केली आहे आणि तिला कोणी गप्प केलेले नाही. ख्रिस्ती श्रद्धा एवढेच म्हणते, की देव त्या आयांच्या बाजूस आहे, हेरोदाच्या नव्हे; आणि त्याचा स्वतःचा पुत्रही पुढे राजसत्तेच्याच हातून मेला. हे उत्तर पुरेसे आहे काय? आम्हांस ते उत्तर वाटत नाही, सोबत वाटते.

ज्या घरी आम्ही संचिताची भाषा बोललो होतो, तेथील माता मागे एका चैत्रात गडाच्या वाटेवर भेटली. मुलगा आता मोठा झालेला, धाकट्या भावाच्या खांद्यावर हात टेकून चार पावले चालत होता, मग बसत होता. तिने आम्हांस ओळखले. "दादा, बरे आहात ना?" एवढेच विचारले. आम्ही तिच्या हातची पिशवी घेतली आणि फाट्यापर्यंत बरोबर चाललो.